आम्ही दोघांनी हलवलेला दगड

जे कोर्टात सांगितलं नाही ते आधी लिहून टाकतो. आमच्या शेताच्या उगवतीच्या धुऱ्यावर हद्दीचा जो वरचा दगड होता, तो बहात्तरच्या दुष्काळात जागेवरून हलला. आपोआप नाही हलला. एक पहार माझ्या हातात होती आणि दुसरी आमच्या शेजारच्या शेतवाल्याच्या हातात. तो तांड्यावरचा, माझ्याहून दीड-दोन वर्षांनी मोठा. आम्ही दोघंच होतो. तिसऱ्यानं पाहिलं ते मुकादमानं, आणि तो कोण कुठला, पुन्हा या भागात दिसला नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. तरी अंगठा मी कुठं दिला नाही, सही करतो. हे लिहायलाही कोणाला बसवलं नाही. हात थरथरतो, ओळ खाली घसरते, पण दुसऱ्याच्या हातानं लिहिलं की तो आपल्याला बरं दिसेल असं लिहितो. मला तसं नको.

आमची जमीन तीन एकर, डोंगरकड्याच्या आतल्या अंगाला, रस्त्यापासून पायी पाऊण तास. आमच्या घराला ती गावकीच्या कामाबद्दल मिळालेली. धर्म बदलला तेव्हा माझ्या बापानं गावकीची कामं एका दिवसात टाकली. मेलेलं जनावर ओढणं टाकलं, मौतीचा सांगावा घेऊन गावोगाव पळणं टाकलं, दारोदार भाकरी मागणं टाकलं. एक काम तेवढं टाकलं नाही, ते हद्दीचं. कोणाचा धुऱ्याचा तंटा झाला की माझ्या बापाला बोलावणं यायचं. बाप अनवाणी जायचा. धुऱ्यावरचं एक ढेकूळ उचलून डोक्यावर ठेवायचा आणि हद्दीवरून चालत सुटायचा. तो चालत असताना कोणी बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. तो जिथून गेला तिथून हद्द. मागून माणसं खुणा रोवत यायची. मग जमीन कोणाचीही असो, त्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही.

आमच्यातली तरणी पोरं बापाला टोचायची, "ते बी गावकीचंच हाय की. मग काहून सोडत न्हाई तुमी?"

बाप म्हणायचा, "ते काम न्हाई. ती साक्ष हाय. ज्यांच्या इहिरीवर मला घागर लावू देत न्हाईत, ते माझ्या शब्दावर जमीन सोडून देतेत. हे मी काहून सोडू?"

बाप गेल्यावर मलाही दोनदा-तीनदा बोलावलं होतं. मी ढेकूळ डोक्यावर घेतलं नाही, हातात घेऊन चाललो. पण लोकांनी मानलं. सांगायचं एवढंच, की आमच्या घरात शब्द म्हणजे काय होतं.

आता बहात्तरचं. पाऊस पडला नाही हे सगळ्यांना माहीत आहे, ते लिहीत बसत नाही. सरकारनं कामं काढली. बाप आणि माय खडी फोडायला वारंगा फाट्याकडच्या कामावर गेले, मी गावातच बंडिंगवर राहिलो. म्हणजे शेतात पाणी अडायला मातीचे बांध घालायचे. हे बांध हद्द बघून घालत नाहीत, उतार बघून घालतात. चुन्याची फक्की मारून रेघ आखलेली असते, ती तिरपी जाते, एकाच्या शेतातून निघून दुसऱ्याच्यात शिरते. आमच्या धुऱ्याचा खालचा दगड ओढ्याजवळ होता. बांध त्या दगडापासून निघाला आणि तिरपा होत होत वरच्या अंगाला शेजाऱ्याच्या शेतात वीस पावलं आत गेला. बांधाला माती लागते, ती चौकड्या खोदून काढायची. चौकडी म्हणजे मापाचा चौकोनी खड्डा, त्यावरच मजुरी. आमच्या वाट्याला आलेल्या चौकडीच्या मधोमध हद्दीचा वरचा दगड उभा होता.

मुकादम म्हणाला, "दगड मधी येऊन राहिला. सरकवा तिकडं बांधावर. काम झालं की ठिवा जाग्यावर."

आम्ही दोघांनी पहारी लावून तो उपटला. गुडघ्याएवढा काळा दगड, माथ्यावर छिन्नीची फुली. खाली कोळशाचे तुकडे निघाले. जुनी माणसं हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरायची, कारण कोळसा कुजत नाही. आम्ही दोघांनीही तो पाहिला आणि वर माती लोटली, चौकडी तेवढी खोल जायची नव्हती. दगड गडगडत नेऊन बांधाच्या वरच्या टोकाला उभा केला. चौकडीचं माप भरलं, दुसरी धरली. पोटात काही नसताना कोण दगड परत आणत बसतो? उद्या, परवा करता करता काम पुढच्या शिवारात गेलं. पुढच्या साली पाऊस झाला, बांधावर गवत आलं, आणि बांधाच्या एका टोकाला एक दगड, दुसऱ्या टोकाला दुसरा, असं दिसायला लागलं. सगळं गाव त्या बांधालाच धुरा म्हणायला लागलं. सरकारनं घातलेला बांध म्हणजे सरकारनं दाखवलेली हद्द, असं आमच्याकडं कितीतरी जणांनी मानलं. आमच्या अंगाला एक पाचर आली. नऊ गुंठ्यांची.

बापाला मी हे सांगितलं नव्हतं. लपवलं नाही, राहून गेलं. आणि मग ती वेळ आली.

शेजाऱ्याचा बाप वारला, भावाभावांच्या वाटण्या निघाल्या. त्यांनी माझ्या बापाला हद्द दाखवायला बोलावलं. खडीच्या कामावरून आल्यापासूनच बापाची नजर जात चालली होती, शेत मीच बघायचो; तोवर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पुरता आला होता. मी हात धरून नेलं. ओढ्याजवळचा दगड त्यानं चाचपला. मग मी त्याला बांधाच्या कडेकडेनं वर नेलं. वरच्या दगडाच्या माथ्यावर त्यानं बोट फिरवलं, फुली लागली. "हाच," म्हणाला. दगड तोच होता. डोळे असते तर जागा ती नाही हे त्याला दहा पावलांवरून कळलं असतं. त्यानं ढेकूळ उचललं, डोक्यावर ठेवलं आणि बांधावरून चालायला लागला.

मी शेजाऱ्याकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. आता एकदा ढेकूळ डोक्यावर गेलं की कोणी बोलायचं नाही हे आहेच, पण ढेकूळ उचलायच्या आधी बोलता आलं असतं. मी बोललो नाही. तोही बोलला नाही. जमीन त्याची जात होती, तरी नाही बोलला.

पुढं दोन वर्षांनी बाप गेला.

त्यानंतर आम्ही दोघं चांगले राहिलो. एकमेकाचं वखर मागायचं, पेरणीला बैल द्यायचा. दगडाचा शब्द कधी निघाला नाही. नव्वद सालानंतर मला सरकारी योजनेतली विहीर मंजूर झाली. पाणाड्यानं नारळ हातावर धरून सगळं शेत हिंडून जागा काढली, ती नेमकी त्या पाचरीत. मला कळत नव्हतं असं नाही. पण बापानं चालून दाखवलेली हद्द, हे मी मनाला इतक्यांदा सांगितलं होतं की ते खरं वाटायला लागलं होतं. पाणी लागलं त्या दिवशी शेजारी आला. ओंजळीनं प्याला, मिशी पुसली आणि मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाला, "माझंच पाणी मलाच गोड लागून राहिलं, गड्या."

तो हसला. मीही हसलो. तेव्हा ते हसण्यावारी गेलं.

त्याची पोरं मोठी झाली. थोरला बाळापूरला बारावीपर्यंत शिकला. त्याला शेतात हळद लावायची होती, हळदीला पाणी लागतं. त्यानं नकाशा काढला, सरकारी मोजणी मागवली. मोजणीवाले साहेब मोजणीचा तिपाई फळा, झेंड्या घेऊन आले, दिवसभर मोजलं, आणि माझ्या विहिरीच्या पलीकडं, माझ्या पऱ्हाटीत, झेंडी रोवली.

थोरला मला म्हणाला, "काका, तुमची इहीर आमच्यात येऊन राहिली."

मी म्हणालो, "काहून, इहीर चालून आली का तुझ्यात?"

"इहीर चालत न्हाई काका. दगड चालतो."

तेव्हा मला कळलं, त्याच्या बापानं पोराला सांगितलंय. माझं डोकं फिरलं. मी ती झेंडी उपटून ओढ्यात टाकली. मोजणीवाले साहेब म्हणाले, असं करू नका. मी म्हणालो, माझ्या बापानं डोक्यावर माती घेऊन दाखवलेली हद्द तुमच्या कागदानं हलत नसती.

दावा दाखल झाला तेव्हा हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता. समन्स आलं. जमिनीचा सातबारा शेजाऱ्याच्याच नावावर होता, म्हणून पहिला वादी तो, पोरं मागं. प्रतिवादी मी एकटा.

तालुक्याच्या कोर्टाला जायला आमच्याकडून एकच सोयीची गाडी होती. तोही त्याच गाडीला, मीही. पावणेदोन-दोन महिन्यांनी पेशी पडायची. पावसापाण्याचा चिखल तुडवत दोघं रस्त्यावर येऊन उभे राहायचो, तो डांबराच्या या कडेला, मी त्या कडेला. तो पुढं बसायचा, मी मागं. वारंगा फाट्यावर गाडी थांबायची तेव्हा तो खाली उतरून भजी घ्यायचा. एकदा येताना त्यानं पुडी माझ्याकडं केली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यानं पुडी तशीच थोडा वेळ धरली आणि मग पुढं जाऊन बसला. कंडक्टर म्हणाला, "एकाच गावचे ना तुमी?" मी म्हणालो, "गाव एक हाय."

कोर्टात बसून राहणं हे आमच्यासारख्याला जमत नाही. शेतात दिवसभर वाकून कंबर दुखत नाही, पण त्या बाकड्यावर दुखते. पुकारा होतो, उठायचं, हात जोडायचे, साहेब पुढची तारीख सांगतात, बसायचं. दोन खरीप, दोन रब्बी असे गेले. मग त्याची साक्ष निघाली.

त्यानं सगळं सांगितलं. चौकडी सांगितली, पहारी सांगितल्या, कोळसा सांगितला. माझ्या बापानं हद्द दाखवली तेही सांगितलं. त्याला कोर्टाची भाषा येत नव्हती, मधूनच तांड्याची बोली यायची, साहेब पुन्हा विचारायचे. पण एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. मी मागं बसून ऐकत होतो, आणि प्रत्येक गोष्ट मला दिसत होती.

मग माझ्या वकिलानं उलटतपासणी घेतली. वकील तरणा, हुशार.

"तुमच्या डोळ्यासमोर चुकीची हद्द दाखवली, असं तुम्ही म्हणता?"

"व्हय."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"न्हाई."

"इतकी वर्षं?"

"व्हय."

"काहून?" माझ्या वकिलानं मुद्दाम त्याच्याच तोंडचा शब्द वापरला.

तो म्हणाला, "म्हातारं आंधळं झालं व्हतं. सगळ्या गावाम्होरं त्याचं पाणी काहून घालवायचं?"

मागं बसलेले दोघं-तिघं हसले. वकील म्हणाला, "म्हणजे दुसऱ्याच्या इज्जतीसाठी तुम्ही स्वतःची जमीन सोडली. फार मोठं मन आहे तुमचं." आणि साहेबांकडं वळून म्हणाला, साक्षीदार खोटं बोलतोय असं माझं म्हणणं आहे. खालचा बाबू ते टाइप करत होता. शेजाऱ्यानं पिंजऱ्यातूनच मान वळवून मला शोधलं. मी टोपी काढून झटकत होतो.

त्यानंतर कोर्टानं आपल्याकडून मोजणी लावली. पुन्हा फळा आला, दोन्हीकडचे वकील आले, पंच आले. नकाशाप्रमाणं जिथं वरचा दगड असायला पाहिजे तिथं खणून बघा असं त्यांच्या वकिलानं म्हटलं. दोन गडी लावले. मी धुऱ्यावर उकिडवा बसलो होतो. कमरेएवढं खणल्यावर मातीचा रंग बदलला. मोजणीदारानं वाकून हातात घेतलं, चोळलं, आणि हात वर करून सगळ्यांना दाखवला. त्याचा तळवा काळा झाला होता.

माझ्या वकिलानं मला बाजूला घेतलं.

"काका, आता ऐका माझं. दगड हलला नाही हे आता कोणी मानणार नाही. पण बिघडलं नाही. कायद्यात कब्जा म्हणून एक गोष्ट आहे. दुसऱ्याची जमीन बारा वर्षांच्या वर उघडपणे, आपली म्हणून वाहिली, आणि मालकानं काही केलं नाही, तर ती वाहणाऱ्याची होऊ शकते. तुमची तर पंचवीसच्या वर झाली. फक्त तुम्हाला सांगावं लागेल, की होय, जमीन त्याची होती, दगड हलवला, आणि तेव्हापासून आम्ही वाहतो."

"म्हंजे मी हलवला म्हणून सांगायचं."

"दुष्काळाच्या कामात हलवला. चोरी नाही ती."

"आन माझा बाप त्याच्यावरून माती घेऊन चालला, ते?"

"ते चुकून झालं म्हणायचं."

मी म्हणालो, "वकीलसाहेब, माझा बाप चुकला म्हणून सांगून मी इहीर घेऊ? ती इहीर मला प्यायला होईल का?"

वकील म्हणाला, "तुमची मर्जी. पण मग विहीर जाईल."

"जाऊ द्या."

तेव्हा मला ते बोलणं फार मोठं वाटलं होतं. खरं बोललो तर विहीर राहते, आणि मी विहिरीवर पाणी सोडतो, म्हणजे मी लालची नाही, असा हिशेब मी मनात मांडला. लालूच नव्हती हे खरं. पण खोटं ते खोटंच होतं, आणि ते मी लालचेपायी करत नाही म्हणून त्याला खऱ्याचा रंग देत होतो.

माझी साक्ष होती त्या दिवशी शेजारी एकटाच आला होता. पोरं हळदीच्या बेण्यात गुंतलेली. कोर्टाच्या आवारात टायपिंगवाल्याच्या टपरीमागं त्यानं मला गाठलं. तीन वर्षांत पहिल्यांदा समोरासमोर बोलणं.

"दम धर जरा," म्हणाला. त्याला धाप लागत होती. "पोरं म्हणतेत, बाप खुळा. जमीन सोडून दिली आन आता गोष्टी रचून सांगून राहिला. तुझा वकील म्हणला खोटं, तर पोरंबी घरात तसंच बघतेत माझ्याकडं. सुना तोंडाला पदर लावतेत."

मी कोर्टाच्या दाराकडं बघत होतो.

"मला जमीन नको, गड्या. इहीर तुझी. तू आज पिंजऱ्यात उभं राहून एवढंच म्हण, की आपण दोघांनी सरकवला. मी तिथंच साहेबाला सांगतो, दावा मिटला. पोरांचं मी बघतो. सातबारा अजून माझ्या नावावर हाय."

"आन माझ्या बापाचं काय?"

"तुझ्या बापानं दगड ओळखला. बराबर ओळखला. जागा आपण बदलली. त्यात म्हाताऱ्याचं काय गेलं?"

"लोक तसं म्हणणार न्हाईत."

"लोक म्हंजे कोण रे? त्या वक्ताचं कोण ऱ्हायलंय? तू आन मी."

एवढ्यात आतून पुकारा झाला. त्यानं माझ्या दंडाला हात लावला. मी तो हात काढला नाही, पण थांबलोही नाही.

पिंजऱ्यात बाबूनं विचारलं, देवाची शपथ घेणार की सत्यप्रतिज्ञा? मी ताठ उभा राहून म्हणालो, "सत्यप्रतिज्ञा." आमच्यातली बाकीची माणसं अजून देवाची शपथ घेऊन मोकळी होतात, मी तसा नाही, हे मला तिथंही दाखवायचं होतं. खरं सांगेन, पूर्ण सत्य सांगेन, सत्याशिवाय काही सांगणार नाही, असं बाबूच्या मागं म्हणालो.

त्यांच्या वकिलानं फार आडवंतिडवं विचारलं नाही.

"बहात्तर साली तुमच्या शेतात बंडिंगचं काम झालं?"

"झालं."

"तुम्ही त्या कामावर होता?"

"होतो."

"वादी नंबर एकही तुमच्यासंगं होता?"

"होता."

"तुम्ही दोघांनी हद्दीचा दगड पहारीनं काढून बांधावर नेला?"

शेजारी पहिल्या बाकावर बसला होता. दोन्ही हात काठीवर, हनुवटी हातांवर. तो माझ्या तोंडाकडं असा बघत होता, जसं कोणी ढगाकडं बघतं.

मी म्हणालो, "न्हाई. दगड हलला न्हाई. माझ्या बापानं दाखवली तीच हद्द."

"मग खाली कोळसा कुठून आला?"

"मला ठाऊक न्हाई."

संपलं. खाली उतरलो तर तो अजून तसाच बसलेला होता. त्या दिवशी परतीच्या गाडीत तो नव्हता. मागच्या गाडीनं आला असेल.

निकाल त्याच्या बाजूनं लागला. नक्कल घेऊन मी कोर्टाच्या पायरीवर बसलो आणि एकेक अक्षर लावून वाचायला लागलो. निकाल मराठीत होता म्हणून माझ्यासारख्याला वाचता आला. मोजणीचं, कोळशाचं समजलं. एका ओळीवर अडलो. प्रतिवादीची साक्ष, आणि पुढं एक लांब शब्द. वकिलाच्या कारकुनाला बोट ठेवून विचारलं, हे काय?

त्यानं वाचलं, "प्रतिवादीची साक्ष विश्वासार्ह वाटत नाही." मग माझ्याकडं बघून जरा हळू म्हणाला, "म्हंजे काका, तुमच्या बोलण्यावर भरोसा ठिवता येत न्हाई, असं."

बापाच्या वेळेला कागद नव्हता, शब्द होता. माझ्या वेळेला कागदानं लिहून दिलं, की या घरचा शब्द धरू नका. आणि ते बरोबरच लिहिलं होतं. त्याहून वाईट हे, की ते बरोबर आहे हे मलाच सगळ्यांत जास्त ठाऊक.

वकील म्हणाला, वरच्या कोर्टात अपील करू. मी म्हणालो, धाकट्या कोर्टानं भरोसा ठेवला न्हाई, आता थोरल्या कोर्टाच्या दारात जाऊन उभं राहू का? त्याला वाटलं मी चिडून बोलतोय. मी नाही गेलो वर. पुन्हा शपथ घ्यायची माझ्यात ताकद नव्हती.

ताबा द्यायला कोर्टाचा बेलीफ आला. दगड उपटून त्याच्या जुन्या जागी नेला. माझ्या विहिरीवरची मोटर मी आदल्या दिवशीच काढून घरी आणली होती. शेजारी आला नव्हता, तो अंथरुणाला लागला होता. थोरल्या पोरानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "बापानं सांगितलंय, आठवड्यातून दोन दिवस पाणी काकाला सोडायचं. तुमी पाईप लावून घ्या."

मी म्हणालो, "सांग त्याला, मला उसनं पाणी लागत न्हाई."

बायकोला हे कळलं तेव्हा ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी भाकरी टाकताना म्हणाली, "इहीर कोर्टानं नेली. पाणी तुमीच नेलं." तेव्हापासून आमचं शेत कोरडवाहू. सोयाबीन, तूर, आणि आभाळाकडं बघणं.

शेजारी वर्षभर अंथरुणावर होता. तांडा आमच्या घरापासून हाकेवर. मी रोज त्या वाटेनं शेतात जायचो. त्याची बाज ओट्यावर असायची, पायाकडची बाजू वाटेवरून दिसायची. पाय दिसायचे, तोंड दिसायचं नाही. कितीदा तरी पाऊल अडखळलं. आज जातो म्हणायचो. मग वाटायचं, मी गेलो तर सगळा तांडा म्हणेल, आता आला नाक घासत. असं करत करत तो गेला.

मौतीला मी गेलो. माणसांनी वाट करून दिली. माझ्या मनात होतं, तिथं सगळ्यांसमोर बोलायचं. मी उभा राहिलो, माणसं गप्प झाली, कोणीतरी म्हणालं, बोला. मी म्हणालो, "चांगला माणूस होता." आणि बसलो. एवढंच बोलायचं असतं तर उभं तरी काहून राहिलो?

पुढं तीन-चार महिन्यांनी, एकदा दुपारी थोरला विहिरीवर मोटर चालू करायला आला होता. मी धुऱ्यापाशी गेलो आणि त्याच्या शेतात पाय टाकला. पहिल्यांदाच तसा न विचारता.

म्हणालो, "तुझा बाप खरं बोलला होता. दगड आमी दोघांनीच हलवला."

तो स्टार्टरचं झाकण उघडत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "ठाऊक हाय काका. कोर्टानंबी तसंच लिवलंय."

"कोर्टानं मोजून लिहिलं. मी सांगून राहिलो."

तेव्हा त्यानं हात थांबवला. माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. शिकलेला पोरगा, सभ्य.

"मला सांगून आता काय करता? तो वरीसभर रोज इचारायचा. आला व्हता का, काही बोलला का. आमी न्हाई म्हणायचो. शेवटी शेवटी आमी व्हय म्हणाया लागलो. आले व्हते, सगळ्यांम्होरं बोलले म्हणायचो. मग गप झोपायचा."



त्यानं झाकण उघडलं, आत बोट घालायच्या आधी खाली बघितलं आणि म्हणाला, "पाय काढा काका. पाईपावर उभे ऱ्हायलात तुमी."

मी पाय काढला.